टाचणीकाकूंची कवळी आणि शेंगदाण्यांवरचा आळ

टाचणीकाकूंची कवळी पहिल्यांदा मोडली तेव्हा घरात हळहळ झाली, दुसऱ्यांदा मोडली तेव्हा चौकशी झाली, आणि तिसऱ्यांदा मोडली तेव्हा थेट निकालच लागला. निकाल देणारा त्यांचा एकुलता एक मुलगा. जेवणाच्या टेबलावर कवळीचे दोन तुकडे मांडलेले, मधोमध तुटलेले, जणू कुणी पट्टी ठेवून आखून कापलेत. आणि मुलगा हाताची घडी घालून समोर उभा.

"आई, बस झालं. ही एवढी जोडून आणतो. पण यापुढे मोडली तर कवळी बंद. सरळ मऊ खायचं, मिक्सरमधून काढलेलं. लोकांच्या आया खातात की नाही?"

"लोकांच्या आया काय करतात ते तुला ठाऊक," काकू म्हणाल्या, "आणि लोकांचे मुलगे आयांसाठी काय काय करतात, ते सांगू का मी?"

वर दात नसल्यामुळे वाक्यातली निम्मी अक्षरं वारा होऊन बाहेर पडली. धार मात्र होती तेवढीच. सूनबाईंनी पदार्थ झाकायचं निमित्त करून तोंड वळवलं, कारण हसू आलं असतं तर दोन्हीकडून मार होता.

काकूंना 'टाचणी' हे नाव गल्लीनं दिलं. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं शिवणाचं मशीन. गिऱ्हाइकाला उभं करून कपड्याचं माप दुमडायला लागल्या की टाचण्या ओठात धरायच्या, आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक सुखी. टाचण्या कपड्यात गेल्या, ओठ मोकळे झाले, की गिऱ्हाइकाला टोचणं सुरू. "कंबर वाढली म्हणून नका सांगू, कंबर गेलीय कुठे ते सांगा." असं ऐकूनही बायका पुन्हा त्यांच्याकडेच यायच्या, कारण काकूंची टीप एकदा बसली की कापड फाटेल पण टीप उसवायची नाही. नवरा लवकर गेला, मुलगा याच मशीनच्या आवाजात झोपून मोठा झाला, विम्याच्या कचेरीत चिकटला, आणि तिथं दिवसभर लोकांना काय काय मोडू शकतं हे समजावून सांगता सांगता घरीही तसाच बोलायला लागला.

काकूंचे वरचे दात एकेक करून गेले. खालचे सगळे जागच्या जागी. "वरचे मजले रिकामे आणि तळमजल्यावर जुने भाडेकरू, हलायला तयार नाहीत," असं त्या स्वतःच सांगायच्या. म्हणून वरची कवळी बसवली. बसवली त्या दिवशी काकूंनी आरशात पाहिलं, ओठ मागे ओढून दात विचकले, आणि म्हणाल्या, "छान आहेत. माझ्या सासूचे वाटतात." मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून भाजलेले शेंगदाणे आणले. दात होते तेव्हा संसारात शेंगदाण्यांची चैन नव्हती. चैन आली तेव्हा दात गेले. आता दोन्ही एकत्र आल्यावर कोण थांबतंय? मशीनच्या खणात बॉबिन एका बाजूला, शेंगदाणे दुसऱ्या बाजूला. एकदा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या खिशातून तीन दाणे निघाले, तर काकू म्हणाल्या, "ती शिलाईवर भेट."

म्हणून पहिल्यांदा कवळी तुटली तेव्हा कुणाला साक्षीपुराव्याची गरज वाटली नाही. काकू सांगत होत्या की मी पाव खात होते, साधा पाव, आणि टाळूपाशी काहीतरी 'टक्' झालं. कुणी ऐकलं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, "धुताना बेसिनमध्ये पडली नाही ना, काकू?"

"पडली? चाळीस वर्षं सुई धरलेला हात आहे हा. सुई पडत नाही, कवळी पडेल?"

मुलानं किराणावाल्याला गाठून विचारलं, "आई शेंगदाणे नेते का?" किराणावाला धंद्याचा माणूस. गिऱ्हाइकाची बदनामी होते की दुकानाची जाहिरात, एवढाच हिशेब करून तो म्हणाला, "नेतात की! कवळी मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नेले. म्हणाल्या, चघळायला."

झालं. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा शेंगदाण्यांवर आळ पक्का झाला. आणि इथं काकू हट्टाला पेटल्या. त्यांनी शेंगदाण्यांची बरणी सूनबाईंच्या ताब्यात दिली, कुलपाच्या कपाटात ठेवायला लावली, किल्ली मुलाच्या हातावर आदळली आणि सांगितलं, "आजपासून एक दाणा तोंडात घालणार नाही. बघू कवळी कशी राहते ते." कुणी म्हणत होतं, काकू नरम आल्या. नरम कसल्या! शेंगदाणे निर्दोष आहेत हे सिद्ध करायला त्यांनी स्वतःला उपाशी ठेवलं होतं. वकील असल्या थराला जात नाहीत.

आणि तरीही कवळी तिसऱ्यांदा मोडली. तीही मधोमध.

"म्हणजे लपून खाल्लेस," मुलगा म्हणाला.

हे मात्र काकूंना लागलं. कवळी तुटली याचं त्यांना वाईट वाटलं असेल, लगद्याच्या धमकीचा रागही आला असेल, पण लपून? आयुष्यात त्यांनी काही लपून केलं असेल तर ते भाव वाढवायच्या आधी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणं. बाकी सगळं तोंड वर करून.

त्या दुपारी सूनबाईंनी मध्यस्थी करायची ठरवली. मशीनजवळ स्टूल ओढून बसल्या, आवाज खाली आणला. "आई, मला खरं सांगा. मी त्यांना नाही सांगणार. एखादा दाणा?"

"अगं, खाल्ला असता तर तुझ्यासमोर बसून खाल्ला असता. मला कुणाची भीती? तुझ्या नवऱ्याची? त्याची लंगोटी मी शिवलीय."

सूनबाईंनी विश्वास ठेवला, पण अर्धाच. उरलेला अर्धा नवऱ्यासाठी राखून ठेवावा लागतो.

कवळी जोडायला गेली तेवढे दिवस घरात काकूंसाठी मिक्सर फिरला. वाटीत आलं ते हिरवट, गुळगुळीत, कोणत्या भाजीचं हे भाजीलाही सांगता आलं नसतं. काकूंनी त्यात चमचा उभा केला, तो उभाच राहिला, तशी वाटी बाजूला सारली. मग सगळ्यांसारखं ताट वाढून घेतलं आणि हिरड्यांनी खायला बसल्या. पोळीचा तुकडा डाव्या गालातून उजव्या गालात, उजव्यातून डाव्यात, जसं कापड मशीनखाली फिरवतात तसं. सगळ्यांची जेवणं झाली, ताटं उचलली, ओटा पुसला, तरी काकू तिथंच. मुलगा पाणी घेऊन उभा राहिला, कारण त्याला सारखं वाटत होतं की आता ठसका लागणार. ठसका लागला नाही. काकूंनी पाणी घेतलं, प्यायल्या, म्हणाल्या, "ताक आहे का?"

कवळी जोडून तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा मुलगा बरोबर निघाला. त्याला डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं की ही शेवटची.

दवाखाना चपलांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. बाकावर बसलं की समोरच्या काचेच्या कपाटात लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे रांगेत दिसायचे, वासलेले, जणू सगळे एकदम तक्रार सांगायला आलेत. लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत, आणि पांढऱ्या कोटाची मधली गुंडी एका धाग्यावर लोंबकळत असलेली. काकूंची नजर आल्या आल्या तिथंच गेली.

जोडलेली कवळी तोंडात बसवली, चावून दाखवायला लावलं, थोडी घासून पुन्हा बसवली. "ठीक आहे ना, काकू? बोला काहीतरी."

"काय बोलू? बोलले तरी खोटं ठरतं."

"मॅडम," मुलानं घसा साफ केला, "ही शेवटची. पुन्हा मोडली तर आम्ही नवीन करणार नाही. आता मऊच खाऊ घालू."

"मी इथं बसलेय," काकू म्हणाल्या. "मेलेली नाही."

डॉक्टरीणबाई त्या दोघांमध्ये सापडायला तयार नव्हत्या. चिठ्ठी लिहायला वळल्या. वळताना गुंडी अशी काही हलली की काकूंना राहवेना. "अगं, इकडे ये आधी. ही पडून हरवली की मग कोट नवा शिवशील." स्वतःच्या पदराच्या काठातून सुई काढली, दोरा त्यांच्या सुईत नेहमी ओवलेलाच असायचा. डॉक्टरीणबाईंना उभं केलं, कोट तसाच अंगावर धरला, चार टाके, मध्ये दोऱ्याचे वेढे, मागे गाठ. मग मान खाली घातली, दोरा दातात धरला आणि एक झटका दिला.

'टक्.'

काकूंनी तोंड मिटलं. मग हळूच उघडलं.

"मोडली?" मुलगा म्हणाला.

"गुंडी घट्ट बसली," काकू म्हणाल्या.

"आई, कवळी मोडली का?"

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, काकूंनी कवळी काढून दिली. पूर्ण दुभंगली नव्हती. पुढच्या दोन दातांच्या मधून निघून टाळूच्या अर्ध्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती.

"संपलं," मुलगा उठला. "मी काय म्हणालो होतो? आता नाही. मॅडम, आम्ही निघतो."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या कवळीच्या पुढच्या दातांकडे बघत होत्या, उजेडाकडे धरून. एका दाताच्या काठावर बारीकशी खाच पडली होती, गुळगुळीत, दोऱ्याच्याच जाडीची. "काकू, तुम्ही दोरा कशानं तोडता?"

"कशानं म्हणजे? आत्ता नाही का तोडला!"

"दातानं?"

"मग काय कोपरानं?"

"नेहमी?"

काकूंना खरंच आठवत नव्हतं. शिंप्याला विचारा, दिवसातून किती वेळा दोरा दातानं तोडलास. तो म्हणेल, मी? कधीच नाही, कात्री आहे ना. आणि बोलता बोलता दोरा तोडेल. श्वास मोजतं का कुणी?

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून काकूंच्याच वरच्या जबड्याचा साचा काढला, टेबलावर उताणा ठेवला आणि कवळी त्यावर बसवली. "हे बघा, तुम्हीसुद्धा बघा," त्या मुलाला म्हणाल्या. "काकूंच्या टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा आहे. जन्मापासूनचा, काही वाईट नाही. पण कवळी त्याच्यावर टेकते. दोन्ही बाजूंच्या हिरड्या झिजल्यात, मऊ आहेत, दबतात. मधलं हाड दबत नाही. हाडकुळ्या गाढवावर खोगीर ठेवल्यासारखं." काकूंनी भुवया वर केल्या. "गाढव म्हणजे नुसतं उदाहरण, काकू." मग त्यांनी दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकेक बोट ठेवून दाबलं. समोरची चीर उघडली. बोटं उचलली, चीर मिटली. दाबलं, उघडली. सोडलं, मिटली. एवढंसं तोंड, गप्पा मारत असल्यासारखं.

मुलगा वाकून बघायला लागला.

"प्रत्येक घासाला हे होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चीर नसतानाही. कवळी दगडासारखी दिसते, पण चावताना वाकते. दोन्ही कडा पसरतात, मध्ये ताण येतो. डोळ्याला दिसत नाही एवढी वाकते. पण सकाळ-संध्याकाळ, रोज. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसं. आणि खालचे दात काकूंचे स्वतःचे, दणकट. त्यामुळे जोरही जास्त. पडून तुटली असती तर वेडीवाकडी तुटली असती. मीच पहिल्यांदा पडली का म्हणून विचारलं, चुकलं माझं. ही घासाघासानं तुटली. पावानंसुद्धा."

"पाव!" काकू म्हणाल्या, आणि मुलाकडे असं बघितलं की त्यानं साच्याकडे बघणं पसंत केलं.

"आणि पुढून का सुरू होते माहितीय?" डॉक्टरीणबाईंनी दातांच्या वर, हिरडीकडच्या काठावरची दुसरी, मुद्दाम कापलेली खाच दाखवली. "वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारी एक पट्टी असते, तिला जागा द्यायला इथं कापावं लागतं."

"म्हणजे कात्री दिलीय," काकू म्हणाल्या. "मग तिथूनच फाटणार. कुडत्याच्या चिरेचं तोंड नाही का, तिथं जादा टाका घालावाच लागतो."

"बरोबर. आणि त्याच्याच खाली तुम्ही दोरा धरून झटका देता."

काकू खुर्चीत ताठ झाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत! बिचारे शेंगदाणे कपाटात कुलपात, आणि..."

"आणि चोर कोण?" मुलगा म्हणाला. "चोरही तूच ना, आई?"

डॉक्टरीणबाई खोकल्याच्या नावाखाली हसल्या. काकू हरल्या असं वाटण्यासारखी ती जागा होती. पण काकू त्या काकूच.

"असेन. मग चोराला शिक्षा द्या. हात बांधा, दोरा काढून घ्या. तोंड कशाला बंद करता?"

"आई, मी शिक्षा देतोय का?" मुलाचा आवाज एकदम चढला आणि मग तितकाच खाली आला. "तुकडा घशात गेला तर? जेवताना मोडते ही. मी समोर बसलेला असतो. तू घास फिरवतेस आणि मी तुझ्या गळ्याकडे बघत असतो. मला जेवण जात नाही."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. विम्याच्या कचेरीत बसून हा पोरगा दिवसभर काय काय ऐकत असेल कोण जाणे. त्यांचा आवाज मऊ झाला, पण शब्द नाही झाले.

"बाळा, तुझी भीती मला मान्य आहे. तुझा लगदा नाही. तू लहान होतास तेव्हा तुला घास भरवताना मीसुद्धा तुझ्या गळ्याकडे बघायचे. म्हणून तुला जन्मभर दुधावर ठेवला का? ऐक. वर दात नाहीत, नवरा नाही, गुडघे कधी असतात कधी नसतात. तोंडात काय घालायचं आणि ते कसं बारीक करायचं, एवढं एकच राज्य उरलंय माझं. त्याच्यात तू मिक्सर घेऊन येऊ नको."

मग डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "न मोडणारी करता येते का? खरं सांग. लाजू नको, गुंडीचे पैसे मी घेत नाही."

"टाळूच्या जागी धातूची करता येते," त्या म्हणाल्या. "पातळ पत्रा, ओतून केलेला. तो असा सहज वाकत नाही. मधल्या हाडावर थोडी मोकळी जागा ठेवायची, म्हणजे ते टोचणार नाही. प्लॅस्टिकपेक्षा खूप टिकते. कधीच मोडणार नाही असं मी कुणालाच सांगत नाही. पण अट एकच, दोरा दातानं तोडायचा नाही."

"या वयात धातूची कवळी..." मुलानं सुरुवात केली.

"या वयातच तर खायचंय. म्हातारपणी काय करू?" काकू म्हणाल्या. "पैशांचं माझ्या मशीनवर होईल. तुझ्याकडे मागितलं का?"

"मागितलं नाहीस हेच तर..." तो थांबला. साच्यावरच्या कवळीला त्यानं स्वतःच एकदा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. चीर उघडली. त्यानं बोटं उचलली. "करा, मॅडम," तो म्हणाला. "धातूची."

"आणि दोरा?" डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं.

"वचन देत नाही. मोडलं तर वचनही मोडेल, कवळीही. प्रयत्न करीन."

प्रयत्न झाला. सूनबाईंनी छोटी कात्री फितीत ओवून त्यांच्या गळ्यात घातली, आणि काकू बैलासारखी मान हलवत म्हणाल्या, "आता फक्त शेण टाकायचं बाकी." पहिले काही दिवस मान खाली जायची, तोंड दोऱ्यापाशी पोचायचं, मग शिवी येऊन मान वर व्हायची आणि हात फितीकडे जायचा. खिडकीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला शिव्या कुणाला चालल्यात ते कळायचं नाही, त्यामुळे दोन-तीन जणांनी उगीचच चालण्याचा वेग वाढवला.

नवी कवळी आली तेव्हा आधी चहा झाला. काकूंनी घोट घेतला आणि किंचाळल्या. सूनबाई धावत आल्या.

"भाजलं?"

"भाजलं!" काकू म्हणाल्या, डोळ्यांत पाणी, चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा. "अगं, टाळूला चहा लागला! प्लॅस्टिकच्या टाळूला इतकी वर्षं काही लागत नव्हतं. मी तुझ्या चहाला नावं ठेवत होते. चहा बरा करतेस की तू!"

"इतकी वर्षं मग ऐकून घेतलं ते?" सूनबाई म्हणाल्या.

"ते कवळीला सांग," म्हणून काकूंनी दुसरा घोट घेतला, यावेळी फुंकून.

त्या रात्री जेवायला काकूंनी स्वतःच यादी सांगितली: कच्चं गाजर, पावाचा करकरीत काठ, आणि जे काही चावायला लागेल ते. सगळे बसले. मुलगा भराभर जेवला; कचेरीत दहा मिनिटांत डबा संपवायची सवय. सूनबाई जेवल्या. काकूंचं अर्धं ताट अजून भरलेलं. त्या गाजराचा तुकडा दोन्ही बाजूंनी समान चावत होत्या, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, कुठल्याही घाईशिवाय, आणि घरात दुसरा आवाज नव्हता. मुलगा गळ्याकडे बघत होता. मग त्याला ते कळलं असावं, कारण नजर त्यानं आईच्या डोळ्यांकडे नेली. तिथं काही भीती नव्हती. उलट 'बघ, बघ' असंच होतं.

बराच वेळ झाल्यावर सवयीनं त्याचा हात ताट उचलायला पुढे आला.

काकूंच्या तोंडात घास होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं.

मुलानं हात मागे घेतला, आणि खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढून बसला.